फोटोपुरती मासेमारी

तळ्यापलीकडच्या पात्स्क्वारोच्या धक्क्यावरून पर्यटकांची पहिली लाँच सुटली की तिचा भोंगा आमच्या बेटावर ऐकू येतो, आणि भोंगा ऐकला की आबुंदियोचे हात आपोआप जाळं शोधायला लागतात. मग तो जेवायला बसलेला असो, दाढीला बसलेला असो, नाहीतर कुणाच्या मयताला. एका रविवारी पाद्रीबाबा प्रवचनात अगदी रंगात आले होते आणि तेवढ्यात भोंगा झाला. हा गडी बाकावरून ताडकन उभा! पाद्रीबाबांना वाटलं, प्रवचन लागू पडलं. आम्ही सगळे माना खाली घालून हसत होतो आणि त्याची बायको डोमितिला त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढत होती.

त्याचा तरी काय दोष? पंचवीस-तीस वर्षं तो हेच करत आलाय. लाँच बेटाच्या जवळ आली की मुद्दाम हळू होते. तिथे चार होड्या गोल करून उभ्या असतात. आबुंदियो हाळी देतो आणि चारही जाळी एकदम पाण्यातून वर येतात, दोन मोठ्या पंखांची, फुलपाखरासारखी. मागे उतारावरची लाल कौलं, माथ्यावर स्वातंत्र्यवीर मोरेलोसचा मूठ उगारलेला दगडी पुतळा, जाळ्यांतून निथळणारं पाणी. लाँचमधले लोक वेडे होतात. वर, थांब, वाक, खाली. फोटो निघाले का सगळ्यांचे? नाही? मग पुन्हा, वर, थांब, वाक, खाली. त्यानंतर चौघांतला निकानोर आपली होडी लाँचला चिकटवतो, थाळी पुढे करतो, लोक पेसो टाकतात आणि लाँच पुढे जाते.

आणि मासे? अहो, मासे कुणी मागितलेत! तळ्यातला पांढरा मासा जाऊन जमाना झाला. पाणी आटलं, जलपर्णी माजली, बाहेरून आणून सोडलेल्या माशांनी त्याची पिलं खाऊन टाकली. आमच्या बापजाद्यांनी ज्या माशावर घरं बांधली, लग्नं केली, तो मासा आता दुकानातल्या भिंतींवर रंगवलेला तेवढा दिसतो. जाळी राहिली, होड्या राहिल्या, तर त्यांचं काय करायचं? फोटो काढू द्यायचे. पोट भरतं त्यावर, खोटं कशाला बोला.

तर अशा या आबुंदियोची बायको त्या हिवाळ्यात आजारी पडली. छातीत कफ झाला. पात्स्क्वारोच्या दवाखान्यात ठेवली, बरी झाली, घरी आली. खोकला गेला, ताप गेला, पण जाताना जेवण घेऊन गेला. डोमितिला म्हणजे धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून तळलेले चराल विकणारी बाई. ते बोटाएवढे मासे कढईत सोडता सोडता निम्म्या गावाची उणीदुणी काढायची आणि तोंडात सतत काहीतरी टाकायची. ती बाई आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. सून एर्लिंदा बिचारी काय काय करून आणायची, मक्याच्या पिठाचे गरम कोरुंदा, मक्याची पेज म्हणजे आतोले, कोंबडीचा रस्सा. डोमितिला चमचा तोंडाला लावायची आणि बाजूला ठेवायची.

"चवच लागत नाही गं. चिखल खाल्ल्यासारखं वाटतं."

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. दाराबाहेर येऊन आबुंदियोला म्हणाल्या, "ताता, आजार संपलाय. आता खाल्लं तर उठतील."

"आणि नाही खाल्लं तर?"

डॉक्टरीणबाई लाँच सुटेल म्हणून घाईनं खाली उतरल्या. तो घरात आला तेव्हा डोमितिलाच्या बोटातली लग्नाची अंगठी उशीवर पडली होती. बोट एवढं वाळलं होतं की ती आपणहून गळाली होती. त्यानं अंगठी उचलली, तिच्या बोटात घातली, ती पुन्हा घसरली. मग त्यानं ती आपल्या करंगळीत घातली आणि पलंगाच्या कडेला बसून राहिला.

"म्हातारे, काहीतरी माग ना माझ्याकडे," तो म्हणाला. "कुठून वाटेल तिथून आणतो. एकदा माग तरी."

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "पांढऱ्या माशाचं सार. थोरल्याच्या बाळंतपणात आईनं केलं होतं तसं. कांदा, टोमॅटो, मिरची, वरून कोथिंबीर. ते असतं तर प्यायले असते."

घ्या! मागितलं तेही काय मागितलं! जगात जे नाही तेच. पण आबुंदियो मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "एवढंच ना?"

दुसऱ्या दिवशी तो लाँचनं पात्स्क्वारोच्या बाजारात गेला आणि दुसराच कुठलासा मासा घेऊन आला. डोकं उडवून, कातडी काढून, तुकडे बारीक करून आणला, म्हणजे ओळखू नये. एर्लिंदानं मन लावून सार केलं. आबुंदियोनं स्वतः वाटी नेली. डोमितिलानं एक घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला. मग वाटी त्याच्या हातात परत दिली आणि आजारपणात पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "आबुंदियो, मी काय लाँचमधून उतरले होय?"

त्यानं जीभ चावली.

त्या दिवशी दुपारच्या लाँचा येऊन गेल्यावर त्यानं निकानोरला धक्क्यावर गाठलं. आबुंदियोच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी निकानोरनं हातात धरलं होतं, म्हणून ते दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. आमच्याकडे हे नातं भावापेक्षा जवळचं. निकानोरच्या जिभेला हाड नाही, पण माणूस सोन्याचा.

"कोंपाद्रे, मासे धरायला जायचंय."

"चल की. येतेच आहे पुढची लाँच."

"तसं नाही. खरे मासे."

निकानोरनं टोपी मागे सारली. "खरे? आपण? अरे, आपण नटमंडळी! नाटकातल्या राजाला कुणी लढाईवर पाठवतं का?"

शेजारी क्रिस्पीन आणि त्याचा धाकटा भाऊ होड्या बांधत होते. उरलेल्या दोन जाळ्यांवर हेच दोघं. क्रिस्पीन लग्नाचा झालेला, दिसायला देखणा, लाँचमधल्या पोरी त्याचेच फोटो जास्त काढत. तो म्हणाला, "ताता, खरंच मासा आला जाळ्यात तर काय करायचं असतं? मला हे कुणी शिकवलंच नाही."

दोघं भाऊ हसले. निकानोरही हसला. आबुंदियो मात्र हसला नाही. तो म्हणाला, "डोमितिला जेवत नाही. तिला पांढऱ्या माशाचं सार हवंय. तेवढंच हवंय. मला फार भीती वाटते रे, निकानोर."

भर धक्क्यावर, चारचौघांत, आबुंदियोसारख्या माणसानं असं बोलावं! निकानोरनं आपली टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली.

"मग उद्या पहाटे निघू," तो म्हणाला. "क्रिस्पीन, तोंड बंद ठेवायला शीक. माशांना गप्पा आवडत नाहीत."

पण जाळी? तीच तर गंमत. चौघांची जाळी नायलॉनची होती, पांढरीशुभ्र, उन्हात चमकणारी, आणि भोकं एवढी मोठी की त्यातून मासाच काय, मांजर निघून गेलं असतं. फोटोत छान दिसायची. आबुंदियोनं मग माळ्यावरून जुनं जाळं उतरवलं. ते डोमितिलानं विणलेलं, लग्नाच्या वर्षी. बारीक वीण, धुरानं काळी पडलेली, उंदरांनी दोन-तीन ठिकाणी कुरतडलेली. तो तिच्या खोलीतच जमिनीवर बसला आणि दुरुस्त करू लागला.

पलंगावरून आवाज आला, "ती गाठ आहे की काय आहे?"

"गाठ आहे."

"मला वाटलं मुंगळा चिरडलास." तो पुढची गाठ मारू लागला. "अरे, डावीकडून घे ना. डावीकडून! परमेश्वरा, एवढी वर्षं तळ्यावर राहून याला गाठ मारता येत नाही. दे इकडे."

त्यानं जाळं तिच्या मांडीवर ठेवलं आणि पाठीशी उशा लावल्या. ती विणत राहिली. मध्येच दम लागत होता, पण वीण पूर्वीसारखीच सुबक येत होती. आबुंदियोला वाटलं, आता हिला भूक लागणार. तो धावत जाऊन आतोले घेऊन आला. तिनं मान फिरवली. "सार," ती म्हणाली. "सांगितलं ना एकदा." आणि दोरा दातानं तोडला.

दुसऱ्या दिवसापासून चौघं आपापल्या घरची जुनी जाळी घेऊन पहाटे निघू लागले. थंडी मरणाची. तळ्यावर एवढं धुकं की आपल्याच होडीचं टोक दिसू नये. पूर्वी कसं करायचे ते आबुंदियोला आणि निकानोरला अर्धंमुर्धं आठवत होतं, आणि दोघांना आठवलेले अर्धे भाग जुळत नव्हते. निकानोर म्हणे, आधी गोल करायचा. आबुंदियो म्हणे, आधी काठाकडून हाकत आणायचे. दोघं कुजबुजत भांडायचे आणि ती कुजबूज पार पलीकडच्या गावात ऐकू जायची. पहिल्या दिवशी जाळ्यात जलपर्णी आली. दुसऱ्या दिवशी कुण्या प्रवाशाची गवती टोपी आली, तीही भिजून फाटलेली. एकदा एक लठ्ठ कार्प आला, तो बाहेरून आणून सोडलेल्या माशांतलाच. क्रिस्पीननं सवयीनं जाळं उंच धरलं, मान तिरकी केली आणि दात दाखवले.

"कुणासाठी रे?" निकानोर म्हणाला. "बगळ्यांसाठी?"

क्रिस्पीन असा लाजला की त्यानंतर दोन दिवस त्यानं जाळं खांद्याच्या वर नेलंच नाही.

इकडे घरी रोज सकाळी डोमितिला पडल्या पडल्या एर्लिंदाला हुकूम सोडायची. पातेलं चुलीवर ठेव. कांदा चीर. टोमॅटो भाज, नुसता उकडू नकोस. मिरची सबंध टाक. कोथिंबीर धुऊन तयार ठेव, कारण पांढरा मासा थांबत नाही, आणला की लगेच पाण्यात सोडावा लागतो, नाहीतर त्याचं मऊ मांस उतरतं. पातेलं उकळायचं, सगळ्या घरात वास सुटायचा, आबुंदियो रिकाम्या हातानं दारात उभा राहायचा, आणि डोमितिला म्हणायची, "असू दे. उद्या बघू." ते नुसतं पाणी मग एर्लिंदा दुपारी घेवडा शिजवायला वापरायची. डोमितिला त्याला शिवायची नाही.

असे किती दिवस गेले कोण जाणे. बेटावर सगळ्यांना कळलं होतं. कुणी मेणबत्ती लावत होतं, कुणी हसत होतं. धक्क्यावरच्या बायका आबुंदियोला बघून बोलायच्या थांबत. त्याला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. एका सकाळी एर्लिंदा चुलीपाशी पदराआड रडताना सापडली. "ताता, काल नानितांनी पाणीसुद्धा टाकून दिलं," ती सासूबद्दल म्हणाली. "मी त्यांना धरून बसवते ना, तेव्हा हाताला नुसती हाडं लागतात."

आबुंदियोनं वल्हं उचललं. त्या दिवशी तो फार आत गेला, जिथे तळ अजून खोल आहे असं त्याचा बाप म्हणायचा तिथे. सूर्य वर आला, धुकं उठलं, तरी तो परतेना. निकानोर म्हणाला, "कोंपाद्रे, पुरे आता. हात गारठून गेले." तेवढ्यात पलीकडून भोंगा झाला.

सवय ती सवय. चारही होड्या एकदम वळल्या आणि जागेवर येऊन गोल करून उभ्या राहिल्या. घरी जाऊन पांढरी जाळी आणायला वेळ कुठला? आबुंदियोच्या हातात डोमितिलाचं काळं जाळं तसंच होतं. लाँच भरलेली होती. मोरेल्या शहराकडचे कुणी लग्नाचे पाहुणे असावेत, सगळे नटूनथटून आलेले, एक जण गिटार वाजवत होता. लाँच हळू झाली. आबुंदियोनं हाळी दिली.

वर.

जाळं वर आलं आणि त्याला ते जरा जड लागलं. त्यानं बघितलं. काळ्या विणीत पांढरा मासा होता.

वीतभर लांब. अंग असं की आरपार दिसावं, बाजूनं डोक्यापासून शेपटीपर्यंत चांदीची एक रेघ. तोच. दुसरा कुठला असूच शकत नाही. ऊन त्याच्या अंगातून जाळ्यावर पडलं होतं. निकानोरनं आपल्या होडीतून तो पाहिला आणि त्याच्या तोंडून नुसताच "हा" असा आवाज निघाला. आबुंदियोच्या मनात एकच आलं, डोमितिला. छाती भरून आली, डोळ्यांपुढे ती वाटी दिसली, तिचे ओठ दिसले.

आणि हात? हातांना काय ठाऊक? हात थांबले, जेवढं रोज थांबतात तेवढंच. मग वाकले. मग खाली गेले.

लाँचमध्ये टाळ्या पडल्या. "मस्त! मस्त!" लोक ओरडले. त्यांना काय, मासा असतोच असं वाटलं. एक बाई काठावर रेलून म्हणाली, "काका, पुन्हा एकदा! माझा फोटो हलला!"

आबुंदियोनं जाळं उचललं. रिकामं. पुन्हा बुडवलं, पुन्हा उचललं. रिकामं. लाँचमधल्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग तो होडीत मटकन खाली बसला आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडू लागला. काही जणांनी त्याचेही फोटो काढले. निकानोरची थाळी त्या दिवशी लाँचला लागलीच नाही. त्यानं आपली होडी आबुंदियोच्या होडीला भिडवली आणि लाँचच्या कप्तानाकडे बघून असा हात केला की कप्तान मुकाट्यानं पुढे निघून गेला.

"कोंपाद्रे, तो होता ना?"

"होता."

"मग सोडलास कसा रे?"

"मी नाही सोडला," आबुंदियो म्हणाला. "हातांनी सोडला."

चौघांनी दुपारपर्यंत ती जागा पुन्हा पुन्हा धुंडाळली. काही मिळालं नाही. काठावर येताना निकानोर म्हणाला, "घरी सांगू नकोस. आजही नव्हता म्हण. आम्ही तिघं मरेपर्यंत बोलणार नाही. सांगितलंस तर ती हाय खाईल."

आबुंदियो पायऱ्या चढू लागला. जाळं खांद्यावर. वाटेत मातीची भांडी, टोप्या, मुखवटे मांडलेली दुकानं होती. कुणी हाक मारली त्याचंही त्याला भान नव्हतं. निकानोरचं म्हणणं बरोबरच होतं. नव्हता म्हणायचं, उद्या बघू म्हणायचं. पण एकदा तिला खोटा मासा दिला होता, आणि ती नजर त्याला अजून आठवत होती. त्या बाईला आता तिच्या शेवटच्या दिवसांत परत फसवायचं? आणि खरं सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? की तुझा जीव माझ्या हातात आला होता आणि मी तो फोटोसाठी पाण्यात बुडवला?

दारात पाऊल टाकलं तेव्हा पातेलं उकळतच होतं. डोमितिला उशांना टेकून बसली होती. नेहमीपेक्षा उशीर झाला होता, म्हणून तिची नजर दाराकडेच होती.

"आज काही..." तो म्हणाला आणि अडखळला. मग त्याला ते जमेना. "डोमितिला, आज आला होता. जाळ्यात. माझ्या हातात होता आणि गेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "कोण आला होता?"

"तोच. पांढरा."

"कार्पचं पिल्लू असेल."

"तोच होता. निकानोरनंही पाहिला."

"रेघ होती?"

"होती. चांदीची. शेपटीपर्यंत."

"आणि अंगातून पलीकडचं दिसत होतं?"

"तुझ्या गाठी दिसत होत्या त्याच्या अंगातून."

डोमितिला जरा पुढे झाली. "मग गेला कसा? जाळं फाटलं? माझी गाठ सुटली?"

"गाठ नाही सुटली." आबुंदियोनं जाळं खांद्यावरून उतरवलं. "लाँच आली होती ना. मी जाळं वर घेतलं. आणि मग... आपलं ते नेहमीचं..."

"नेहमीचं काय?"

त्याला शब्द सापडेनात. म्हणून खोलीच्या मधोमध उभं राहून त्यानं जाळं उचलून दाखवलं. वर. थांब. वाक. खाली. जाळ्याचे पंख फरशीला टेकले.

एर्लिंदा हातात डाव घेऊन दारात उभी होती. डोमितिलाचं तोंड उघडं पडलं. मग तिच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज आला. आबुंदियोला वाटलं, हिला काहीतरी होतंय, आणि तो जाळं टाकून धावला. पण ती हसत होती. आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग आवाज फुटला. ती अशी हसली की पलंग करकरायला लागला, आणि हसता हसता तिला ठसका लागला, आणि ठसक्यातूनही ती हसतच राहिली.

"खाली!" ती म्हणाली. "खाली घेतलास! लोकांना दाखवून परत पाण्यात! अरे माझ्या म्हाताऱ्या! अरे गाढवा!"

"हसू नकोस," आबुंदियो म्हणाला. तो तिच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसला होता आणि रडत होता. "मी तुला मारलं, डोमितिला. मी तुझं सार घालवलं."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं.

"वेडा आहेस," ती म्हणाली. "तो आहे ना तळ्यात? तू पाहिलास ना डोळ्यांनी? दवाखान्यात पडल्या पडल्या मी तेच धरून बसले होते. मासे गेले, आता आपली पाळी. मला वाटायचं आपण सगळे लाँचसाठी उभी केलेली चित्रं आहोत, खालचं तळं केव्हाच मेलंय. सारबीर काय घेऊन बसलास? तो तळ्यात पोहतोय ना आत्ता, या क्षणाला?"

"पोहतोय," तो म्हणाला. "चांगला धष्टपुष्ट होता."

"बरं झालं सोडलास." तिनं पदरानं आपले डोळे पुसले, मग त्याचे. मग तिनं नाक वर करून हुंगलं. "एर्लिंदा, टोमॅटो भाजलास की उकडलास?"

"भाजला, नानिता."

"मग आण थोडं. नुसतंच आण."

एर्लिंदानं आणलं, मोठी वाटी, काठोकाठ. लाल पाणी, वर कोथिंबीर, मासा नाही. आबुंदियोनं वाटी तिच्या मांडीवर धरली. तिनं चमचा भरला, वाफेवर फुंकर मारली, ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबली. चेहऱ्यावर ती जुनी चिखलाची आठी उमटायला लागली. आबुंदियो आणखी जवळ वाकला.

"तू काय बघत बसलायस माझ्या तोंडाकडे?" ती म्हणाली. "असं कुणी बघत असेल तर जाईल का घशाखाली? ऊठ. ते पुन्हा करून दाखव."

"काय?"

"तेच. आपलं नेहमीचं. मला बघू दे नीट. कधी लाँचमधून बघितलंय मी? जन्मभर तर पायऱ्यांवर चराल तळत बसले."

तो उठला. जाळं उचललं. त्याला लाज वाटत होती, गुडघे दुखत होते, पहाटेपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. वर. थांब. त्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं. डोमितिलानं त्याच्याकडे बघत, हसू दाबत, चमचा तोंडात घातला आणि गिळला.

वाक. खाली.

"पुन्हा," ती म्हणाली. "तू उचललंस की मी एक घेणार. नाही उचललंस तर नाही."

तो उचलत राहिला. ती एकेक चमचा घेत राहिली. मध्येच मुद्दाम रेंगाळायची, चमचा हवेत धरून खिडकीबाहेर बघायची, आणि तो जाळं वर धरून तसाच उभा, दंड थरथरतायत, घाम डोळ्यांत उतरतोय. "अजून जरा वर," ती म्हणायची, "माझा फोटो हलला." दारात एर्लिंदा डाव छातीशी धरून हसत होती आणि रडत होती. तळ्यापलीकडे भोंगा झाला. पुढची लाँच सुटली होती. आबुंदियोनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. वाटी अजून अर्धी बाकी होती. त्यानं जाळं उचललं आणि ती पिईपर्यंत वर धरून ठेवलं.